अस्थिसुषिरता व दूरवैद्यक

अस्थिसुषिरता व दूरवैद्यक : हाडातील खनिजांचे प्रमाण आणि हाडाच्या आतील सूक्ष्म जालरचना ही दोन्ही घटल्यामुळे हाड विरळ व ठिसूळ बनते आणि किरकोळ आघातानेही मोडते. या विकारास ‘अस्थिसुषिरता’ म्हणतात. डॉक्टर व रुग्ण एका ठिकाणी नसताना दूरध्वनी, दृक्‌-श्राव्य संपर्क किंवा लेखी संदेश यांच्या साहाय्याने निदान, उपचार व पाठपुरावा करण्याच्या पद्धतीस ‘दूरवैद्यक’ ही संज्ञा आहे. अस्थिसुषिरतेचे उपचार वर्षानुवर्षे चालतात, त्यांतील बराच भाग सल्ला, औषधांची देखरेख व अहवालांचे वाचन यांनी व्यापलेला असतो. त्यामुळे हा विकार दूरवैद्यकास सोयीचा मानला जातो. तथापि ज्या घनतेच्या आकड्यावर दूरचा डॉक्टर विसंबतो, तो आकडा रुग्णाचे पाणी, आहार, पूर्वीचे आजार व शरीरस्थिती यांपासून अलग करून वाचता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यासारख्या भूजलात फ्ल्युओराइड असलेल्या प्रदेशात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

हाडाची रचना व झीज : हाड हे निर्जीव खांबासारखे नसून सतत बदलणारे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) आहे. अस्थिभंजक कोशिका जुने हाड विरघळवितात व अस्थिजनक कोशिका त्या जागी नवे हाड घालतात. बालपणी व तारुण्यात घडण झिजेपेक्षा अधिक असते. वयाच्या तिशीच्या सुमारास अस्थिसंचय कमाल होतो आणि त्यानंतर झीज हळूहळू वरचढ होऊ लागते. स्त्रियांमध्ये ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीमदजन या हॉर्मोनाचे प्रमाण घटते व पहिली पाच ते दहा वर्षे ही झीज वेगाने होते. अंडकोश लवकर काढून टाकल्यास हीच अवस्था अकाली येते.

याखेरीज दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेणे, अवटू व परावटू ग्रंथींचे विकार, मूत्रपिंडाचे व आतड्याचे जुनाट रोग, मद्यपान, तंबाखू, कुपोषण व दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे यांमुळेही हाडे विरळ होतात. सांधेदुखीवर तत्काळ आराम देणाऱ्या, वेष्टनावर घटकांचा उल्लेख नसलेल्या पुड्या व गोळ्या काही रुग्ण वर्षानुवर्षे घेतात. अशा औषधांत स्टेरॉइड असण्याचा संभव असतो आणि रुग्णास त्याची कल्पनाही नसते.

लक्षणे : हाड मोडेपर्यंत या विकाराचे बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही. अस्थिभंग प्रामुख्याने मनगट, पाठीचे मणके व खुबा या ठिकाणी होतात. मणका खचल्यास पाठीत एकाएकी कळ येते. परंतु अनेकदा वेदना इतकी सौम्य असते, की ती कामाच्या श्रमाची पाठदुखी समजली जाते. एकामागून एक मणके खचल्यावर उंची कमी होते व पोक येते. खुब्याचा अस्थिभंग सर्वांत गंभीर असून त्यावर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर अनेक वृद्ध पूर्वीप्रमाणे चालू शकत नाहीत.

ऐतिहासिक आढावा : ‘ऑस्टिओपोरोसिस’ ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्ट्रॅस्बर्ग येथील विकृतिवैज्ञानिक झां लोब्स्टाइन यांनी रूढ केली. ऋतुनिवृत्ती व हाडांची झीज यांचा संबंध १९४१ मध्ये अमेरिकन वैद्य फुलर ऑल्ब्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविला. द्वि-ऊर्जा क्ष-किरण शोषणमापनाची यंत्रे १९८७ च्या सुमारास प्रचारात आली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घनतेवर आधारलेले निकष जाहीर केले आणि हाड मोडण्यापूर्वीच विकार ओळखणे शक्य झाले.

भारतात दूरवैद्यकाचा आरंभ २००० मध्ये आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातील रुग्णालयाच्या जोडणीने झाला असे सामान्यतः मानतात. त्यानंतर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहांद्वारे दूरस्थ रुग्णालये मोठ्या रुग्णालयांस जोडण्याचे प्रयोग केले. या पहिल्या टप्प्यात रुग्णास उपग्रह-केंद्र असलेल्या रुग्णालयापर्यंत जावेच लागे. पुढे भ्रमणध्वनी व आंतरजाल यांच्या प्रसाराबरोबर ही सेवा आरोग्य उपकेंद्रापर्यंत व घरापर्यंत पोहोचली. केंद्र शासनाच्या ‘ई-संजीवनी’ या सेवेतील डॉक्टर-ते-डॉक्टर विभाग नोव्हेंबर २०१९ मध्ये व रुग्णांसाठीचा बाह्यरुग्ण विभाग एप्रिल २०२० मध्ये सुरू झाला. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करण्यात आली आणि या व्यवसायास प्रथमच स्पष्ट नियमांची चौकट मिळाली.

घनतामापन व त्याचा अर्थ : लोकांत ‘डेक्सा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण कंबरेचे मणके व खुबा यांतून पाठवितात. मऊ ऊतके व हाड हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यावरून दर चौ. सेंमी. क्षेत्रातील खनिजांचे वजन काढतात. तरुण निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी या मापाची तुलना करून मिळणाऱ्या अंकास टी-अंक म्हणतात. तो –१ किंवा त्याहून अधिक असल्यास घनता प्राकृतिक, –१ व –२.५ यांच्या दरम्यान असल्यास अल्प आणि –२.५ किंवा त्याहून कमी असल्यास अस्थिसुषिरता समजतात. हे निकष ऋतुनिवृत्त स्त्रिया व पन्नाशीपुढील पुरुष यांना लागू आहेत. तरुणांमध्ये समवयस्कांशी तुलना करणारा झेड-अंक पाहतात. तुलनेसाठी यंत्रात कोणत्या लोकसमूहाचे आकडे भरलेले आहेत यावरही अंक अवलंबून असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भारतीय स्त्री-पुरुषांची कमाल अस्थिघनता ठरविणारा बहुकेंद्री अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

आकडा फसवा ठरण्याची कारणे अनेक आहेत. खचलेला मणका दाबला गेल्याने त्याची घनता प्रत्यक्षाहून अधिक दिसते. वार्धक्यात मणक्यांच्या कडांवर वाढणारे अस्थिकंटकही तोच परिणाम करतात. दोन वेगळ्या यंत्रांवरील अंकांची तुलना विश्वसनीय नसते. म्हणून पुढील मापन शक्यतो त्याच यंत्रावर करावे लागते. टाचेवर श्राव्यातीत ध्वनी सोडून केलेली चाचणी शिबिरांतून सर्रास केली जाते. तीवरून धोक्याचा अंदाज येतो; परंतु वरील निकष तिला लावता येत नाहीत व केवळ तिच्या आधारे औषध सुरू करणे योग्य नाही.

घनता व बळकटी : घनता वाढणे म्हणजे हाड बळकट होणे नव्हे, हे फ्ल्युओराइडाच्या इतिहासावरून सिद्ध झाले आहे. सोडियम फ्ल्युओराइडामुळे अस्थिजनक कोशिका उत्तेजित होतात म्हणून ते एके काळी अस्थिसुषिरतेवर औषध म्हणून दिले जाई. अमेरिकेत बी. एल. रिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२ ऋतुनिवृत्त स्त्रियांवर चार वर्षे केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या स्त्रियांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली, तरी मणक्यांचे अस्थिभंग लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाहीत. इतर हाडांचे अस्थिभंग उलट वाढले. प्रबाहूच्या (कोपर ते मनगट यांमधील) हाडाची घनता तर घटली. नवे हाड विपुल, पण सदोष रचनेचे होते. ही उपचारपद्धती त्यानंतर मागे पडली. जे औषधरूपाने सोडून देण्यात आले, तेच द्रव्य काही प्रदेशांत पिण्याच्या पाण्यातून आयुष्यभर पोटात जाते.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती : विदर्भाच्या अमरावती विभागातील या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १३,५८० चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके होत. यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि दक्षिणेकडील उमरखेड, महागाव किंवा पूर्वेकडील वणी, मारेगाव, झरी-जामणी येथील रुग्णास जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येण्यात संपूर्ण दिवस व एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. बरोबर येणाऱ्या नातेवाइकाचीही मजुरी बुडते. नागपूर हे विशेषोपचारांचे मोठे केंद्र यवतमाळपासून सु. १५० किमी. आहे. खचलेल्या मणक्याच्या वृद्धेस असा प्रवास स्वतःच क्लेशकारक असतो. दूरवैद्यकाची गरज येथे सोयीपेक्षा आवश्यकतेच्या स्वरूपाची आहे.

जिल्ह्यात हाडांच्या दुखण्याचा विचार करताना अस्थिसुषिरतेसारखे दिसणारे किंवा तिच्यात मिसळणारे तीन विकार ध्यानात घ्यावे लागतात.

(१) फ्ल्युओराइडमयता : पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्ल्युओराइड असल्याची नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूजलशास्त्रीय अभ्यासात आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १ मिग्रॅ. पर्यंत फ्ल्युओराइड ग्राह्य असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. ही अनुज्ञेय मर्यादा आहे. खडकाशी दीर्घकाळ संपर्कात राहिलेल्या खोल पाण्यात त्याचे प्रमाण वाढू शकते. त्यामुळे एकाच गावातील एक कूपनलिका दूषित व शेजारची विहीर निर्धोक असू शकते. भारतात या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाले. बालवयात असे पाणी प्यालेल्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. पुढे पाठ, मान व सांधे ताठरतात. मणक्यांचे हाड दाट होते. पण हातापायांच्या हाडांचे बाह्य कवच सच्छिद्र होऊ शकते. अशा रुग्णाच्या मणक्याचा टी-अंक समाधानकारक दिसतो आणि अहवाल पाहणाऱ्या दूरच्या डॉक्टरास धोका जाणवत नाही.

(२) अस्थिमृदुता : ड जीवनसत्त्वाच्या किंवा कॅल्शियमाच्या अभावी नव्या हाडात खनिजे नीट साठत नाहीत, हाड ठिसूळ न होता मऊ पडते (⟶ मुडदूस). येथेही टी-अंक कमीच येतो. अंगभर दुखणे, मांड्यांतील स्नायूंची दुर्बलता, बदकासारखी चाल, जमिनीवरून हाताचा आधार घेतल्यावाचून उठता न येणे ही हिची लक्षणे होत. रक्तातील अल्कधर्मी फॉस्फेटेज वाढलेले आढळते. अस्थिसुषिरतेची काही प्रभावी औषधे अशा रुग्णास देण्यापूर्वी ही उणीव भरून काढली नाही, तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक प्रमाणात घटू शकते. कॅल्शियमन्यून आहार घेणाऱ्या व फ्ल्युओराइडयुक्त पाणी पिणाऱ्या व्यक्तीत वरील दोन्ही विकार एकत्र आढळतात.

(३) दात्रकोशिका पांडुरोग : ‘सिकलसेल’ या नावाने परिचित असलेला हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भातील अनुसूचित जमाती व अन्य काही समाजांत आढळतो. यात हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन खुब्याच्या हाडाचे डोके मृत होते आणि मज्जेच्या वाढीमुळे मणके विरळ होऊन दबतात. तरुण वयात मणका खचलेला किंवा खुबा दुखत असलेला रुग्ण आढळल्यास या रोगाची रक्तपरीक्षा करणे आवश्यक असते.

दूरस्थ सल्ल्याची रचना : ई-संजीवनीत दोन मार्ग आहेत. पहिल्यात रुग्ण स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून डॉक्टराशी बोलतो. दुसऱ्यात तो जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जातो व तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याची मापे घेऊन मोठ्या केंद्रातील डॉक्टराशी संपर्क साधून देतो. अस्थिविकारांत दुसरा मार्ग अधिक उपयुक्त असतो. कारण रुग्णाजवळ एक प्रशिक्षित व्यक्ती उपस्थित असते आणि दूरच्या डॉक्टराचे हात व डोळे म्हणून ती काम करते.

मार्गदर्शक तत्त्वांनुसार दूरस्थ सल्ला केवळ नोंदणीकृत डॉक्टरासच देता येतो. त्याने आपला नोंदणी क्रमांक कळविणे, रुग्णाची ओळख व वय पडताळणे, संमती व सल्ल्याची नोंद ठेवणे आणि स्वाक्षरीयुक्त औषधयोजना देणे बंधनकारक आहे. डॉक्टराने रुग्णास त्याच विकारासाठी प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत दिलेला सल्ला पाठपुरावा समजला जातो. औषधांच्या सूची केलेल्या असून ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांसारखी पूरके कोणत्याही माध्यमातून सुचविता येतात. अन्य काही औषधे पहिल्या सल्ल्यात दृक्‌-श्राव्य संपर्क असेल तरच, तर काही केवळ पाठपुराव्यात लिहून देता येतात. दूरस्थ सल्ला पुरेसा नाही असे वाटल्यास रुग्णास प्रत्यक्ष तपासणीसाठी बोलाविण्याचा निर्णय डॉक्टराच्या विवेकावर सोपविलेला आहे.

निदानाचा क्रम : सुरुवातीस रुग्णाचा पूर्वेतिहास घेतात. त्यात पूर्वीचे अस्थिभंग, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता काय, ऋतुनिवृत्तीचे वय, चालू असलेली सर्व औषधे, तंबाखू व खर्रा यांचे सेवन आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांची विचारणा होते. चालू औषधांची केवळ नावे विचारणे पुरेसे नसते. वेष्टने व पुड्या छायाचित्रकापुढे धरावयास सांगणे अधिक उपयुक्त असते.

त्यानंतरच्या काही परीक्षा आरोग्य उपकेंद्रात कोणत्याही यंत्रावाचून होतात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा सध्याची उंची ४ सेंमी. हून अधिक घटली असल्यास मणका खचल्याचा संशय घेतात. भिंतीला टाचा व पाठ टेकून उभे राहिल्यावर डोके भिंतीस न लागणे, तसेच शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांत दोन बोटांहून कमी अंतर उरणे हीही खचलेल्या मणक्याची चिन्हे होत. फ्ल्युओराइडमयतेसाठी तीन साध्या हालचाली पाहतात : गुडघे न वाकविता पायाच्या अंगठ्यास स्पर्श करणे, हनुवटी छातीस लावणे व दोन्ही हात डोक्यामागे नेणे. या तिन्ही हालचाली व दातांवरील पट्टे दृक्‌-श्राव्य संपर्कात स्पष्ट दिसतात. मणका खचल्याचा संशय असल्यास मात्र रुग्णास पुढे वाकावयास सांगत नाहीत.

रक्ताच्या चाचण्यांत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कधर्मी फॉस्फेटेज, क्रिॲटिनीन, ड जीवनसत्त्व व रक्तारुण (हीमोग्लोबिन) यांचा समावेश होतो. गरजेनुसार अवटू व परावटू ग्रंथींची हॉर्मोने, दात्रकोशिकांची परीक्षा व मूत्रातील फ्ल्युओराइड पाहतात. प्रबाहूचे साधे क्ष-किरण छायाचित्र फ्ल्युओराइडबाधित भागात फार उपयोगी ठरते : प्रबाहूच्या दोन हाडांमधील पडद्यात चुना साठलेला दिसल्यास तो या विकाराचा बळकट पुरावा मानतात. असे छायाचित्र ग्रामीण रुग्णालयात काढून दूरच्या तज्ञाकडे पाठविता येते. पाठीच्या कण्याचे बाजूने घेतलेले क्ष-किरण छायाचित्र खचलेले मणके दाखविते. आघातावाचून खचलेला मणका किंवा मोडलेला खुबा आढळल्यास टी-अंक कितीही असला, तरी अस्थिसुषिरतेचे निदान करता येते. मात्र कर्करोग, क्षय व वरील विकार नाहीत याची खात्री करावी लागते. घनतामापक यंत्रे बहुधा मोठ्या शहरांत असल्याने त्यासाठीचा प्रवास रुग्णास एकदाच व पूर्वतयारीनिशी करावयास लावणे हे दूरस्थ सल्ल्याचे एक उद्दिष्ट असते. घनतामापनाची सोय नसल्यास २००८ पासून प्रचारात असलेल्या फ्रॅक्स या गणनपद्धतीने वय, वजन, उंची व धोक्याचे घटक यांवरून पुढील दहा वर्षांतील अस्थिभंगाची संभाव्यता काढता येते. पाण्यातील फ्ल्युओराइडाचा विचार या गणनेत नाही.

उपचार : ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची उणीव भरून काढणे ही पहिली पायरी होय. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचविलेल्या प्रमाणानुसार प्रौढांस दररोज १,००० मिग्रॅ. व ऋतुनिवृत्त स्त्रियांस १,२०० मिग्रॅ. कॅल्शियम आवश्यक आहे.

झीज रोखणाऱ्या औषधांत बिस्फॉस्फोनेट गटातील ॲलेंड्रोनेटाची ७० मिग्रॅ.ची गोळी आठवड्यातून एकदा देतात. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे न होता व काहीही न खाता राहावे लागते. अन्यथा अन्ननलिकेस इजा होते किंवा औषध शोषले जात नाही. ज्या रुग्णास बसताही येत नाही, त्यास ती देत नाहीत. झोलेड्रोनिक अम्ल ५ मिग्रॅ. या प्रमाणात वर्षातून एकदा शिरेतून किमान १५ मिनिटे देतात. दूरच्या खेड्यातील रुग्णास साप्ताहिक गोळीपेक्षा ते सोयीचे असते. मात्र त्यासाठी रुग्णालयात जावेच लागते. मूत्रपिंडाचे कार्य फार मंदावले असल्यास ही दोन्ही औषधे वर्ज्य आहेत. पहिल्या मात्रेनंतर एक ते तीन दिवस ताप व अंगदुखी होणे संभवते; ही माहिती आधी दिली नसल्यास रुग्ण घाबरून उपचार सोडतो. दीर्घ वापरात क्वचित जबड्याचे हाड मृत होते किंवा मांडीच्या हाडाचा असामान्य भंग होतो. म्हणून दात काढावयाचे असल्यास ते काम उपचारापूर्वी उरकतात, मांडीतील नव्या वेदनेची नोंद घेतात आणि गोळ्यांच्या बाबतीत सु. पाच व शिरेतील औषधाच्या बाबतीत सु. तीन वर्षांनी ती थांबविण्याचा विचार करतात.

डेनोसुमॅब हे औषध दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचतात. याची मात्रा चुकल्यास किंवा पर्यायी औषध न देता ते बंद केल्यास झीज उसळून एकाच वेळी अनेक मणके खचू शकतात. पुढील मात्रा वेळेवर मिळण्याची हमी नसेल, तर हे औषध सुरू न करणेच हिताचे असते. अस्थिजनक कोशिकांस चेतना देणारे टेरिपॅराटाइड दररोज टोचावे लागते व जास्तीत जास्त दोन वर्षे देतात. ही दोन्ही औषधे २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागतात. यवतमाळात उन्हाळ्यात पारा ४२° से. च्या वर जातो व वीजपुरवठा खंडित झाल्यास घरात शीतकपाट असूनही औषध निकामी होऊ शकते. औषध निवडताना रुग्णाच्या घरची ही स्थिती विचारणे टी-अंकाइतकेच आवश्यक आहे.

फ्ल्युओराइडमयतेत झीज रोखणारी औषधे मूळ कारणावर काम करीत नाहीत. पाण्याचा स्रोत बदलणे हाच मुख्य उपाय होय. पाणी उकळल्याने फ्ल्युओराइड जात नाही, उलट त्याची संहती वाढते. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी, चुना व विरंजक चूर्ण वापरून ते काढतात. साठविलेले पावसाचे पाणी किंवा तपासून निर्धोक ठरलेली विहीर हेही पर्याय आहेत.

पाठपुरावा : दूरवैद्यकाचा सर्वाधिक लाभ उपचार सुरू झाल्यानंतर होतो. अस्थिसुषिरतेचे औषध घेऊन रुग्णास तत्काळ बरे वाटत नाही; गोळ्या निमूटपणे बंद करण्याचे प्रमाण त्यामुळे मोठे असते. दर दोन-तीन महिन्यांनी होणाऱ्या अल्पकाळाच्या संभाषणात औषध कसे घेतले जाते, नवी वेदना, तोल जाणे, दातांची स्थिती व आहार यांची चौकशी होते. यासाठी शेतीच्या हंगामात मजुरी बुडवून शहर गाठावे लागत नाही. उंची दर सहा महिन्यांनी उपकेंद्रात मोजता येते. घनतामापन बहुधा एक ते दोन वर्षांनी पुन्हा करतात.

मर्यादा व दक्षता : एकाएकी उठलेली तीव्र पाठदुखी, पायांतील बळ किंवा संवेदना जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पडल्यानंतर उभे राहता न येणे, तसेच ताप व वजनघट यांसह असलेली पाठदुखी या अवस्थांत दूरस्थ सल्ल्यात वेळ न घालविता रुग्णालय गाठणे अत्यावश्यक असते. एखाद्या सेवेने केवळ प्रश्नावली भरून घेऊन किंवा टी-अंक पाहून औषध पाठविल्यास अस्थिमृदुता व मूत्रपिंडविकार दृष्टीआड होतात. रक्तातील कॅल्शियम व क्रिॲटिनीन पाहिल्याविना ही औषधे सुरू करणे धोक्याचे आहे.

भाषा ही आणखी एक अडचण होय. जिल्ह्यात मराठीच्या वऱ्हाडी बोलीखेरीज कोलामी, गोंडी व बंजारा बोली प्रचलित आहेत. दुखण्याचे स्थान व स्वरूप परक्या भाषेत सांगताना त्यातील बारकावे हरवतात. आशा सेविका किंवा आरोग्य अधिकारी दुभाषाचे काम करतात तेव्हा ही उणीव पुष्कळशी भरून निघते. भ्रमणध्वनी घरात एकच व तो तरुण मुलाच्या हाती असल्यास ऋतुनिवृत्ती किंवा गर्भाशय-शस्त्रक्रिया यांविषयी वृद्ध स्त्री मोकळेपणाने बोलत नाही. अशा वेळी उपकेंद्रातील एकांत अधिक उपयोगी ठरतो.

प्रतिबंध : हाडांचा संचय बालपणी व तारुण्यात होत असल्याने मुलींचा आहार हा या विकाराच्या प्रतिबंधाचा पाया आहे. ज्वारीची भाकरी हा या भागातील पारंपरिक आहार असला, तरी ज्वारीत कॅल्शियम थोडे असते. दूध, दही, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला व अंबाडीची भाजी यांनी ही उणीव भरून काढता येते. नाचणीच्या १०० ग्रॅ. पिठात सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते. ड जीवनसत्त्व मुख्यतः त्वचेवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशामुळे तयार होते. शेतात राबणाऱ्या स्त्रीस ऊन मिळत असले, तरी अंग पूर्ण झाकलेले असल्यास त्याचा लाभ कमी होतो; घरात खिळलेल्या वृद्धांत तर त्याची उणीव हमखास आढळते. चालणे, वजन पेलणारे व्यायाम व तोल सांभाळण्याचा सराव यांमुळे हाडे व स्नायू सुदृढ राहतात.

निम्म्या उजेडातील ओटा, ओली न्हाणी, अंगणातील उघडी नाली, सैल वहाणा व मोतीबिंदू ही वृद्धांच्या पडण्याची नेहमीची कारणे आहेत. दृक्‌-श्राव्य संपर्काच्या वेळी घर फिरवून दाखविण्यास सांगितल्यास दूरचा डॉक्टर ही ठिकाणे पाहून सूचना देऊ शकतो. शहरातील तपासणी-कक्षात ही सोय नसते.